करारावर नाव कुणाचं?

दसरा झाला, की आमच्या धाराशिव जिल्ह्यातल्या कितीतरी गावांचा आवाजच बसतो. भूम, परंडा, वाशी, कळंब या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या तालुक्यांतून ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरभरून माणसं बाहेर पडतात. पत्र्याची पेटी, पिठाचं डबडं, चार भांडी, कोंबड्या, शेळी आणि त्या सगळ्यावर बसलेली लेकरं. कुणी सोलापूर-साताऱ्याकडे, कुणी सांगली-कोल्हापूरला, कुणी थेट कर्नाटकात बेळगावकडे, तर कुणी गुजरातेत. मागं उरतात म्हातारी माणसं आणि कुलपं. मार्च-एप्रिलात ऊस संपतो, तेव्हा कुठं गावात पुन्हा चुली पेटतात.

आता तुम्ही म्हणाल, ऊसतोडीवर पुष्कळ लिहून झालंय. झालंय खरं. कोप्यांचे हाल, लेकरांच्या शाळा, सगळं आपण वाचलेलं आहे. पण मला आज बोलायचंय ते एका कागदाबद्दल. ट्रॉली गावातून हलण्याआधी तीन-चार महिने, ऐन पावसाळ्यात जो कागद होतो, त्याबद्दल. त्या कागदाला गावात ‘करार’ म्हणतात, कुणी ‘बॉण्ड’ म्हणतं. तो होतो तेव्हा मुकादम असतो, नवरा असतो, साक्षीदार असतात. बाई चहा करत असते.

आधी ‘कोयता’ या शब्दाचा अर्थ सांगते. आपल्या लेखी कोयता म्हणजे हत्यार. ऊसतोडीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. ‘यंदा माझ्याकडं वीस कोयते हायत’ असं मुकादम म्हणाला, की समजायचं, चाळीस माणसं. एकटा गडी किंवा एकटी बाई असेल तर तो ‘अर्धा कोयता’. म्हणजे हिशेबात बाई पुरती अर्धी आहे. तिच्यावाचून कोयता पूर्णच होत नाही. गड्यानं तोडायचं, बाईनं पाचट काढायचं, मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवायची. पुष्कळ बायका तोडतातही. हे सगळं पहाटेपासून. शिवाय भाकरी, पाणी, लेकरू वेगळंच.

मग करारात ती किती असते?

एका मुकादमांनी मला नमुना म्हणून एक कागद दाखवला. स्टॅम्प पेपर, त्यावर टाइप केलेला मजकूर. लिहून घेणार अमुक, लिहून देणार तमुक. गड्याचं नाव, वय, गाव, तालुका. उचल म्हणून घेतलेली रक्कम आकड्यात आणि अक्षरात. हंगाम संपेपर्यंत काम करीन, मध्येच सोडून गेलो तर रक्कम व्याजासह परत करीन, वगैरे. खाली गड्याची सही आणि दोन साक्षीदार. बाई शोधत शोधत मी तिसऱ्या परिच्छेदापर्यंत पोचले. तिथं तीन शब्द होते – ‘मी व पत्नी’. नाव नाही, वय नाही, सही नाही, अंगठाही नाही.

मी विचारलं, “दादा, बाईचं नाव का नाही घालत?”

ते मनापासून चकित झाले. “ताई, बाईला निराळी उचल कुटं असती? कोयता एक, उचल एक. मग सह्या दोन कशाला?”

त्यांचं चूक नव्हतं. त्यांच्या लेखी तो पैशाचा कागद होता, कामाचा नव्हताच. मुकादमानं वाहतूक ठेकेदाराकडून पैसे आणलेले, ठेकेदारानं कारखान्याकडून. एकाच्या बुडाखाली दुसऱ्याचे पैसे. ज्याच्या हातात रोकडा दिला त्याची सही घेतली, की झालं.

भूम तालुक्यातल्या एका गावात सगळ्यांच्या ‘अक्का’ असलेल्या एका बाईंशी बोलत होते. वीसेक हंगाम तोडीला गेलेल्या. त्यांना विचारलं, “अक्का, करारावर तुमची सही असते का?”

“करार व्हय? त्ये मालकाचं असतंय.”

“आणि काम?”

“काम दोघांचं की!”

“मग कामगार कोण?”

अक्का हसायला लागल्या. “कामगार कोयता असतोय बाई. माणूस थोडाच असतंय?”

त्या हसल्या, पण मला हसू येईना. कारण या एका गोष्टीवर पुढचं सगळं अवलंबून आहे.

जरा हिशेब मांडून बघू. जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ आणि कामगार संघटना यांच्यात बोलणी होऊन तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, तीन हंगामांसाठी. टनाला २७३ रुपयांच्या आसपास मिळत होते, ते साधारण ३६६ झाले. एक चांगला कोयता दिवसाला दोन टन ऊस तोडतो असं धरू. म्हणजे दोघांचे मिळून ७३२ रुपये. उचल लाखाची असेल, तर नुसती ती फिटायला एकशे छत्तीस-सदतीस दिवस लागतात. साडेचार महिने! त्यात किराण्यासाठी मध्ये मध्ये घेतलेले पैसे धरलेले नाहीत. आणि एखादा दिवस कामावर गेलं नाही, तर ‘खाडा’. त्या दिवसाची मजुरी तर जातेच, वर पाचशे रुपये, कुठे त्याहूनही जास्त दंड.

या खाड्याचं आणि बाईच्या शरीराचं नातं २०१९ मध्ये आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यात उघड झालं. राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीडमधल्या ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यातल्या १३ हजार ८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. पाळीचा त्रास, अंगावर जाणं, त्यात खाडा परवडत नाही. मग ‘एकदाची काढूनच टाकू’. तेव्हा आपण सगळेच हळहळलो. पण एक साधा प्रश्न तेव्हा मागं पडला. या बायका कामगार होत्या, तर त्यांना आजारपणाची रजा देण्याची जबाबदारी कुणाची होती? कारखाना म्हणणार, आमचा करार ठेकेदाराशी. ठेकेदार म्हणणार, माझा मुकादमाशी. मुकादम म्हणणार, माझा तिच्या नवऱ्याशी. आणि नवऱ्यानं तर सही करून ठेवलेली असते, ‘मी व पत्नी’ म्हणून.

अपघाताचंही तसंच. मोळी घेऊन फळीवरून पाय घसरतो, फडात साप चावतो, रात्री ट्रॉली उलटते. कामावर असताना दुखापत झाली तर भरपाई द्यायची, हे कायद्यात १९२३ पासून आहे. पण भरपाई मागायला गेलं की पहिला प्रश्न येतो, ‘ही कामावर होती याचा पुरावा काय?’ नवऱ्याचा निदान करार तरी असतो. बाईकडे काय असतं?

ओळख पटवायची, पण कशासाठी?

अलीकडे एक बदल दिसतो. पूर्वी नुसत्या शब्दावर टोळी उभी राहायची. आता आधारकार्डाची झेरॉक्स, फोटो, बँकेचं पासबुक मागतात. कारण उघड आहे. एकाच माणसानं दोन-तीन ठिकाणी उचल घ्यायची आणि कुठंच जायचं नाही, किंवा मुकादमानंच खोटी नावं दाखवून रक्कम घेऊन गायब व्हायचं, असे प्रकार फार वाढले. पोलीस ठाण्यात गुन्हे दाखल झाले. कारखान्यांचे आणि वाहतूकदारांचे पैसे बुडाले हे खोटं नाही.

पण गंमत बघा. माणूस कोण, कुठला, खरा आहे का, हे सगळं तपासलं जातं ते पैसे बुडू नयेत म्हणून. हीच माहिती त्याला मजुरीची पावती, विमा, दवाखाना द्यायला वापरली जात नाही. बाईच्या आधारची झेरॉक्स घेतात, तीही बहुतेक वेळा गड्याच्या कागदाला टाचणीनं लावलेली असते. तिची ओळख पटते, पण कामगार म्हणून नोंद होत नाही.

जगात इतरत्रही मालकाला कामगाराची कागदपत्रं तपासावी लागतात. अमेरिकेत नोकरीवर घेतलेला माणूस तिथं काम करायला कायद्यानं पात्र आहे का, हे मालकानं बघायचं, असा १९८६ चा कायदा आहे. त्यासाठी ‘ई-व्हेरिफाय’ नावाची संगणकीय व्यवस्था आहे. आपल्यातल्या कितीतरी जणींची मुलं-सुना तिकडं नोकरी करतात, त्यांना हे नाव चांगलं ठाऊक असेल. ती वापरायची तर मालकाला आधी सरकारशी करार करावा लागतो. त्यात मालकावर अटी असतात. आम्ही अशी तपासणी करतो, अशी सूचना कामाच्या जागी लावायची. आवडीनिवडीप्रमाणे एखाद्यालाच तपासायचं नाही, नव्यानं घेतलेल्या सगळ्यांना तपासायचं. नोंद जुळली नाही, तर ते त्या माणसाला एकांतात सांगायचं. त्याला दाद मागायची असेल, तर संबंधित कचेरीशी संपर्क करायला आठ कामकाजी दिवस मिळतात आणि निकाल लागेपर्यंत त्याला कामावरून काढता येत नाही.

ती व्यवस्था काही निर्दोष नाही. स्थलांतरितांच्या मागं लागायचं हत्यार म्हणून तिच्यावर टीकाही होते. पण मला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. तिथं तपासणीचा करार मालकाला बांधतो. आपल्याकडचा करार फक्त मजुराला बांधतो.

आणखी एक गोष्ट वाचून तर मी थबकलेच. तिथं नोंदी न जुळण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे लग्नानंतर बदललेलं नाव! म्हणजे सातासमुद्रापारही अडते ती बाईच.

आपल्याकडं हे किती घरोघरचं आहे बघा. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव. रेशनकार्डावर सासरचं. आधारवर एक, बँकेत दुसरं. कुठं ‘बाई’ लागलेलं, कुठं गळालेलं. सासरी काही घरांत लग्नात पहिलं नावही बदलतात, मग तर बोलायलाच नको. रोजगार हमीच्या मजुरीसाठी १ जानेवारी २०२४ पासून आधार जोडलेल्या खात्यातूनच पैसे द्यायचे, असं सक्तीचं झालं, तेव्हा जॉबकार्डवरचं नाव आणि आधारवरचं नाव यांचा मेळ नसला की काम करूनही पैसे अडकायचे. त्यात सगळ्यांत जास्त हेलपाटे कुणाला पडतात, हे तुमच्या गावातल्या सेतू केंद्रात तासभर उभं राहिलं की कळेल.

वयाचंही असंच. आमच्याकडं एका पिढीचे निम्मे वाढदिवस १ जूनला येतात! गुरुजींनी शाळेत घालताना सोयीनं लिहिलेली तारीख. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवता येत नाही, मालकानं कामावरच्या किशोरवयीनांची जन्मतारखेसह नोंदवही ठेवायची, वयाबद्दल शंका आली तर वैद्यकीय अधिकाऱ्याकडून ठरवून घ्यायचं, हे सगळं १९८६ च्या बालकामगार कायद्यात आणि २०१६ च्या दुरुस्तीत आलंय. पण करार जिथं ‘कोयत्या’शी होतो, तिथं नवरीचं वय कोण बघणार? उलट जोडी झाली की उचल पुरी मिळते, म्हणून सोळाव्या वर्षी लग्न लावून पोरीला तोडीला धाडलेलं आपण पाहतो. करारात तिचं नाव आणि वय लिहावंच लागलं असतं, तर निदान त्या जागी पेन तरी अडखळलं असतं.

मस्टरवरचं नाव

बाईचं नाव कामाच्या कागदावर लिहिणं आपल्याला जमत नाही असं मात्र नाही. आपल्याच महाराष्ट्रानं ते करून दाखवलंय. १९७२ चा दुष्काळ आठवतो का? आमच्या उस्मानाबाद जिल्ह्यानं तो फार सोसला. तेव्हा खडी फोडायच्या, पाझर तलावाच्या कामावर बायका हजारोंनी गेल्या. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना त्या दुष्काळात रुजली. तिचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. त्या कामांवर हजेरीपत्रक असायचं, ज्याला सगळे ‘मस्टर’ म्हणतात. त्यावर बाईचं नाव वेगळं, हजेरी वेगळी, अंगठा वेगळा. माझ्या ओळखीच्या एक म्हाताऱ्या आजी अजून अभिमानानं सांगतात, “माजं नाव मष्टरला व्हतं!” नवऱ्याला विचारून कुणी त्यांची हजेरी मांडली नव्हती.

पुढे २००५ च्या केंद्राच्या कायद्यानं कामावर किमान एक तृतीयांश बायका हव्यात, सहा वर्षांखालची पाच लेकरं असतील तर ती सांभाळायला एक बाई नेमायची, असं घातलं. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं त्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्याच्या बऱ्यावाईटाची चर्चा वेगळी होईल. मला सांगायचंय ते एवढंच, की सरकार मालक होतं तेव्हा बाईची हजेरी वेगळी मांडता आली. मग साखर कारखान्याच्या फडात ती का मांडता येऊ नये?

कायदे तर आहेत. उचलीच्या मोबदल्यात माणसाला बांधून ठेवणारा करार मुळातच रद्दबातल आहे, हे १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्यानं सांगून ठेवलंय. परराज्यात मजूर नेताना त्यांना फोटोचं पासबुक द्यायचं, त्यात मजुरी आणि कपात लिहायची, हे १९७९ च्या कायद्यात होतं. पण त्यात एक मेख होती. भूमची टोळी बेळगावला गेली तर कायदा लागू, आणि त्याच्या अलीकडं कोल्हापूरला गेली तर नाही! कारण कोल्हापूर आपल्याच राज्यात. ऊस तोच, कोयता तोच. २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९७९ चा तो कायदा जाऊन नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यात प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र द्यायचं, असं म्हटलंय. प्रत्येक कामगाराला, प्रत्येक जोडीला नव्हे. आता ऊसतोडणारी बाई त्या ‘प्रत्येक’मध्ये बसते का, हे भांडूनच ठरवून घ्यावं लागणार.

आपल्या राज्यात लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे. तीन वर्षं किंवा जास्त काळ घर सोडून तोडीला जाणाऱ्यांची पाहणी करून ग्रामसेवकानं ओळखपत्र द्यायचं, असा निर्णय २०२१ मध्ये झाला. लेकरांसाठी संत भगवानबाबा यांच्या नावाची वसतिगृहं त्याच वर्षी आली. ओळखपत्र ही मला फार मोलाची गोष्ट वाटते, कारण ते कोयत्याला मिळत नाही, माणसाला मिळतं. नवऱ्याचं वेगळं, बायकोचं वेगळं. पण कितीतरी ठिकाणी गड्याचं काढलं की काम झालं, असं घरातलेच समजतात. “तिचं आनि कशाला?” हा प्रश्न फक्त मुकादमच विचारतो असं नाही.

एवढं तरी करू या

ट्रॉली निघण्याआधी करता येण्यासारख्या गोष्टी फार अवघड नाहीत. ग्रामपंचायतीत जाऊन आपल्या स्वतःच्या नावाचं ओळखपत्र मागायचं. आधार, बँक आणि रेशनकार्डावरचं नाव एकसारखं करून घ्यायचं, आणि ते उन्हाळ्यात, गावी असतानाच. हंगामात वेळ मिळत नाही. उचल घेताना करार वाचून दाखवायला सांगायचं आणि ‘पत्नी’ या शब्दापुढं नाव आणि वय लिहून घ्यायचं, आपली सही किंवा अंगठा करायचा. कराराची झेरॉक्स घरात ठेवायची. कोऱ्या स्टॅम्पवर किंवा कोऱ्या चेकवर सही करू नका, हे नवऱ्यालाही बजावायचं. रोज किती टन भरले, खाडा किती कापला, हे एका वहीत मांडायचं. लिहिता येत नसेल तर पोरीला सांगा. ती वही पुढं कधीतरी तुमचा साक्षीदार होईल. असंघटित कामगारांसाठी ऑगस्ट २०२१ पासून ‘ई-श्रम’ची नोंदणी आहे, तीही आपल्या नावानं करून घ्यायची.

कुणी म्हणेल, बाईची सही घेतली तर उचलीच्या कर्जात तीही अडकेल. शंका रास्त आहे. गावातल्या एका वकीलताईंनी मला तेच सांगितलं, की नाव कामगार म्हणून लिहा, कर्जदार म्हणून नव्हे. मजुरीत तिचा वाटा किती, तो कुठल्या खात्यावर जाणार, हे लिहिलं तरच त्या सहीला अर्थ. नुसतं ‘लिहून देणार दोघे’ असं केलं, तर नवऱ्यामागं ती उचल तिच्या डोक्यावर येऊन बसेल. आताही कागदावर नसताना ती बसतेच. नवरा वारला तरी पुढच्या हंगामात लेकाला घेऊन तोडीला गेलेल्या बायका आमच्याकडं गावोगाव आहेत.

आणि ज्या आपण तोडीला जात नाही, त्यांनी काय करायचं? आपल्यातली कुणी ग्रामसेविका आहे, कुणी बँकेत काउंटरवर बसते, कुणी शाळेत शिकवते, कुणाचे यजमान कारखान्यावर आहेत, कुणाच्या घरी मुकादमी आहे. करार होतात तेव्हा आपण त्या घरात, त्या कचेरीत असतो. नुसतं “हिचं नाव काय?” असं विचारून ते पूर्ण लिहून घेणं आपल्या हातात आहे. साखरेच्या पोत्यावर कारखान्याचं नाव असतं, हंगामाचं वर्ष असतं. तो ऊस जिनं डोक्यावरून वाहिला, तिचं नाव निदान कामाच्या एका कागदावर असावं, एवढंच मागणं आहे.